वरळीच्या कोटांतील रातकिडे

भाद्रपदांतील एका सायंकाळीं नातवास बरोबर घेऊन मी वरळीचा किल्ला पाहण्यास गेलों होतों. कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्ल्या आणि ओट्यावर जाळीं दुरुस्त करीत बसलेलीं माणसें ओलांडलीं म्हणजे इंग्रजांनीं 1675 च्या सुमारास बांधलेला हा लहानसा कोट लागतो. किल्ला म्हणण्याजोगा त्याचा विस्तार नाहीं. परंतु समोर माहीमचा उपसागर, पलीकडे वांद्रें व डाव्या हातास 2009 सालीं खुला झालेला सागरी सेतु, असा देखावा मुंबईंत दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दिवेलागण झाली. "आजोबा, रातकिडे किती ओरडताहेत!" नातू म्हणाला. मीं कान देऊन ऐकलें. लाटांवांचून कांहींच ऐकूं येईना. वयाबरोबर प्रथम उंच स्वर नाहींसे होतात हें वाचलें होतें. आपलीही पाळी आली, हें मात्र त्या तटावर कळलें.

मुलास तसें सांगण्याचा धीर होईना. म्हणून मी मुक्या रातकिड्यांची हकीकत काढली. रातकिडा कांहीं तोंडानें ओरडत नाहीं. नर आपला एक पुढचा पंख दुसऱ्यावर घांसतो. पंखाच्या शिरेवर करवतीसारखे बारीक दांते असतात. मादी तें ऐकते, आणि कान कोठें, तर पुढच्या पायांत! हवाई बेटांपैकीं कौआई येथें गाणाऱ्या नराचा माग काढून त्याच्यावर अळ्या सोडणारी एक माशी आहे. तिच्या भयानें तेथील बहुतेक नर थोड्याच पिढ्यांत मुके झाले, असें 2003 सालीं आढळलें. आपल्याकडेही छत्तिसगडांतील कुर्रा गुहेंत 'इंडिमिमस' नांवाची एक नवीन उपप्रजाति सांपडली. पंजाब विद्यापीठांतील रंजना जैस्वारा व त्यांचे सहकारी यांनीं 2021 सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिच्या नराला गळा नाहीं, म्हणजे वाजणारे पंख नाहींत. आणि मादीला कानच नाहींत.

"मग त्यांना एकमेकांची चाहूल कशी लागते?"

"गुहेच्या खडकावर पोट आपटून खुणा करीत असावेत, असा तर्क आहे."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "आजोबा, तुम्हांला ऐकूं येत नाहीं ना?"

मीं मान हलविली. त्यानें माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटानें भरभर ठोके देऊं लागला. मधून थांबे, पुन्हां सुरू करी. "आतां असें ओरडताहेत," तो म्हणाला. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलों होतों.