दुसरी ट्रंक

आफ्रिकेला निघालोय म्हटलं की सदर बाजारातला माणूस पहिल्यांदा सिंहाचं विचारतो. आमच्या भाड्याच्या खोलीखाली चांदीचं दुकान आहे. तिथल्या शेटजींनी तर ‘सफारीवर चाललात, मजा आहे’ म्हणून मिठाई खिलवली. सफारी हा स्वाहिली शब्द, मूळ अरबी ‘सफर’मधून आलेला. म्हणजे आपलाही ओळखीचाच. अर्थ एवढाच, प्रवास. त्या हिशेबानं आमचीही सफारीच, फक्त वर्षभराची.

रायपूरला मी एनसीसीत पीआय स्टाफ म्हणून आलो. आता पलटण संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर दक्षिण सुदानला चालली आहे आणि मला परत पलटणीत रुजू व्हायचंय. ९ जुलै २०११ ला हा देश स्वतंत्र झाला आणि तेव्हापासूनच तिथं हे मिशन आहे, ‘अनमिस’. आमचा मुक्काम मलाकलला, पांढऱ्या नाईलच्या काठी.

तिथून परतलेल्या उस्तादांना फोन करून विचारलं, काय काय आणू? ते म्हणाले, “गमबूट. बाकी सगळं नंतर.” मलाकलची जमीन काळी, कपाशीची. मी यवतमाळचा, मला जास्त सांगावं लागलं नाही. पावसात आमच्या पऱ्हाटीच्या वावरात बैलगाडी कशी रुतते ते लहानपणापासून पाहिलंय. तिथं गाड्या रुतून बसतात आणि रस्ते बंद पडतात.

मग यादी केली. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवायचं. २०१६ पासून ते जन्मभर चालतं, पण हरवलं तर परत येताना विमानतळावर अडकाल. मलेरियाच्या गोळ्या तिथं असेपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस परत आल्यावरही. औषध लावलेली मच्छरदाणी. हेडलॅम्प, नायलॉनची दोरी, सुई-दोऱ्याची पुडी, जिला फौजेत हाऊसवाइफ म्हणतात. जंगल बघायला जाणाऱ्यांना निळे-काळे कपडे टाळा असं सांगतात, कारण त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते. आमची तर ओळखच निळी बेरे! शेंगदाण्याची चटणी आणि तिखट, हे यादीत नसतं, पण प्रत्येक मराठी जवानाच्या ट्रंकेत असतं.

ही पहिली ट्रंक गोल बाजारातल्या दोन फेऱ्यांत भरली.

जाण्याआधी बायकोला काहीतरी घ्यावं म्हणून तिला खालच्या दुकानात नेलं. शेटजींनी करधन, तोडे, पैंजण समोर मांडले. ती थोडा वेळ बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, “अहो, हे आल्यावर घेऊ. आधी तुमची कागदं एका जागी लावून द्या.”

तिनं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ९ एप्रिल २०१३ ला याच देशात, जोंगलेई प्रांतात, ताफ्याला संरक्षण देत जाणारे आपले पाच सैनिक घातपाती हल्ल्यात गेले. ती बातमी आम्ही दोघांनी वाचलेली होती.

त्या संध्याकाळी दुसरी ट्रंक उघडली. ही घरीच राहणारी. बँकेचं खातं दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही’ असं. आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि पीएफचे नॉमिनी. किंड्रेड रोलची प्रत, पार्ट टू ऑर्डरची प्रत. गावच्या शेताचा सातबारा, गॅसचं पुस्तक, पोरांचे जन्मदाखले.

आणि मग तिचं नाव. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावात मधे नवरा येतो. तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर मधे वडील, आधारवर मी आणि माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मधे कोणीच नाही. बाई एक, नावं तीन. रोजच्या जगण्यात याचं काहीच अडत नाही. अडतं ते एकाच दिवशी, आणि त्या दिवशी ते निस्तरायला नवरा नसतो. फॅमिली पेन्शनसाठी खेटे घातलेल्या वीरपत्नी मी पाहिल्यात. ॲफिडेव्हिट केलं, नवी पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत रेकॉर्ड ऑफिसचा पाठपुरावा केला. गमबुटाला अर्धा तास लागला होता, याला पाच आठवडे लागले.

रात्री एक-एक कागद तिला दाखवत गेलो. तिनं वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं: कुठला कागद, कशासाठी, कोणाला फोन करायचा. अभद्र बोलतोय असं आधी वाटलं. पण ती न घाबरता प्रश्न विचारत गेली, तसा मलाच धीर आला.

पोरांच्या परीक्षा होईपर्यंत ती रायपुरातच राहील. मलाकलचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं. म्हणजे मी रात्रीचं जेवून फोन करायचा तर इथं मध्यरात्र, म्हणून ड्यूटी सांभाळून दुपारी बोलायचं ठरलंय.

पलटणीतली नवी पोरं विचारतात, “साहेब, मिशनला काय न्यायचं?” नेण्याची यादी सीनियर देतातच. मी त्यांना विचारतो, घरी काय ठेवून चाललास? आणि ते कुठं ठेवलंय, हे घरच्या बाईला माहीत आहे का?

जय हिंद.