पेटीत बहीण आहे!

‘‘आई, हिरव्या-काळ्या चौकड्यांचा कपडा लागेल. पाच मीटर.’’
‘‘टेबलक्लॉथ शिवतोस का?’’
‘‘नाही, मी घालणारे.’’

झालं, घरात टेन्शन सुरू! वय २९, नोकरी मिहानमध्ये, स्थळं बघणं चालू आणि चिरंजीव म्हणतात, मी तांजिरो होणार. तांजिरो म्हणजे ‘डीमन स्लेयर’ या ॲनिमेचा हिरो. राक्षस झालेल्या बहिणीला पाठीवरच्या लाकडी पेटीत घालून हिंडतो. आणि कॉस्प्ले म्हणजे असा वेश करून कन्व्हेन्शनला मिरवायचं. माझं पहिलंवहिलं ठरलं एप्रिल २०२५च्या मुंबई कॉमिक कॉनला.

‘‘जपानी खूळ,’’ आई म्हणाली. मग मी मोगली काढला. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दादाला मांडीवर घेऊन ही दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ बघायची. ती मालिका जपानचीच, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ची. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरचा आवाज होता, म्हणून कुणाला परकी वाटली नाही. आणि किपलिंगने मोगलीला ठेवलं ते सिवनीच्या डोंगरात, आपल्या जबलपूर रोडवरच की!
‘‘मग मोगलीच हो. कपडा तरी कमी लागेल.’’

गांधीबागेत एवढे मोठे चौकडे काही मिळाले नाहीत. साधा हिरवा कपडा आणून काळे चौकोन रंगवले. तिसऱ्या रात्री आई न बोलता पट्टी घेऊन बसली. माझे चौकोन तिला बघवत नव्हते म्हणे. पेटीसाठी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारा मिस्त्री गाठला. ‘‘पोळ्याले टाइम हाय न भाऊ, आत्तापासून कायले?’’ डिझाइन मोबाइलवर बघून त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘सागाची करू?’’ मी हो म्हणालो. ही घोडचूक.

ऑफिसात सांगितलं, मावसभावाचं लग्न आहे. दुरांतोत समोरच्या काकांनी विचारलं, ‘‘हार्मोनियम का?’’ त्यांनाही हो म्हणालो.

शनिवारी बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये वेश चढवला आणि बाथरूममधून बाहेरच पडवेना. कानात पुठ्ठ्याचे डूल, कपाळावर लिपस्टिकचा व्रण. हात चक्क थरथरत होते. दहा मिनिटं मी आरशातल्या त्या बावळटाकडे बघत होतो. शेवटी बाहेर पडलो, कारण एक स्पायडरमॅन दार वाजवत होता. त्याला घाईची लागली होती.

बाहेर सात-आठवीतला एक पोरगा धावत आला. ‘‘तांजिरो! नेझुको आत आहे?’’ मी पेटी उघडली. आत आईने दिलेला पोळ्यांचा डबा! पोरगा खट्टू झाला, पण फोटो काढलाच. मग जो तो फोटो मागू लागला. स्टॉल वगैरे धड बघितलेच नाहीत. माझ्यासारखे सात तांजिरो भेटले, सगळ्यांच्या पेट्या फोमच्या किंवा पुठ्ठ्याच्या. एकाने माझी उचलून बघितली आणि म्हणाला, ‘‘भाई, यात खरंच बहीण आहे काय?’’ खांदे जाम दुखत होते, पण पेटी खाली ठेवायची इच्छा होत नव्हती.

रविवारी रात्रीची परतीची गाडी. सोमवारी, १४ एप्रिलला, नागपूर जयंतीच्या निळ्या झेंड्यांनी भरलेलं होतं आणि ऑफिसला सुट्टी. घरी टेबलावर २००२चा फोटो काढून ठेवलेला. तान्हा पोळा, मी कृष्ण, हातात बैलाची दोरी, दुसऱ्या हातात बोजाऱ्याचे पैसे. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केलेल्या या सणात नागपूरची पोरं अशीच नटून दारोदार जातात. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, हे काय खूळ म्हणून.

‘‘ऑफिसात खरं सांगितलंस?’’ आईने विचारलं.
‘‘नाही अजून.’’

मंगळवारी चहाला टीम लीड म्हणाली, ‘‘लग्नाचे फोटो दाखव ना!’’ मी मोबाइल पुढे केला.