राणीकडे माझं लक्षच नव्हतं

'द फेव्हरिट' या चित्रपटावर मी पहिला लेख लिहिला त्याचा मथळा होता 'इंग्लंडची आनंदीबाई'. मथळा मला इतका आवडला होता की मजकूर मी त्याच्या मापानं बेतला. आज ते कात्रण कुणी पुढे केलं तर मी विषय बदलतो. पण त्यातल्या आणि त्याच्या आगेमागे केलेल्या चुका एकीतून दुसरी अशा निघालेल्या आहेत, आणि चित्रपट पाहणाऱ्याच्या कामी येतील अशा आहेत, म्हणून सांगून टाकतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योर्गोस लँथिमोस या ग्रीक दिग्दर्शकाचा हा २०१८ सालचा चित्रपट. इंग्लंडची राणी अ‍ॅन (ऑलिव्हिया कोलमन) गाऊटनं बेजार, हट्टी, एकटी. तिची जुनी मैत्रीण सारा, म्हणजे मार्लबरोची डचेस (रेचल वाइस), तिच्या वतीनं कारभार हाकते. साराची दिवस फिरलेली आतेबहीण अबिगेल (एमा स्टोन) वाड्यात मोलकरीण म्हणून येते आणि पायरी पायरीनं साराची जागा घेते. बाहेर फ्रान्सशी युद्ध चालू, आत बदकांच्या शर्यती.

पहिली चूक घरगुती होती. चित्रपट मी एकदा पाहिलेला असूनही मावशीला फोन करून म्हणालो, "चल, विनोदी आहे, राजवाडा आहे, कपडे तर बघतच राहशील." तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. सँडी पॉवेलनं दरबाराला बहुतेक काळ्या-पांढऱ्यात ठेवलंय आणि स्वयंपाकघरातल्या बायकांचे कपडे जुन्या जीन्सच्या डेनिममधून शिवलेत. बघत राहावं असंच ते काम आहे. पण मावशी कपडे बघायच्या मनःस्थितीत फार वेळ राहिली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "तू हे आधी पाहिलं होतंस, आणि तरी मला आणलंस?" त्यानंतर तिनं माझ्या शिफारशीवर काहीही पाहिलेलं नाही.

दुसरी चूक चारचौघांत झाली. आमच्या फिल्म सोसायटीत या चित्रपटाची ओळख मीच करून दिली. राणीनं आपल्या खोलीत सतरा ससे पाळले होते, गमावलेल्या प्रत्येक मुलामागे एक, हे मी इतिहास म्हणून सांगितलं, तेही आवाज जड करून. खेळानंतर इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक उठले आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "सशांचा उल्लेख कुठल्या कागदात आहे?" कुठल्याच नाही. ससे पटकथेतले. सतरा हा आकडा मात्र खरा. अ‍ॅनची सतरा गर्भारपणं झाली; काही गर्भ टिकले नाहीत, काही मुलं मृत जन्मली. दोन लहान मुली १६८७ मध्ये देवीच्या साथीत काही दिवसांच्या अंतरानं गेल्या, आणि जगेल असं वाटलेला विल्यम १७०० साली अकराव्या वर्षी गेला. मी सशांवर इतका भाळलो होतो की या मुलांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. चित्रपटात दिसतच नाही तो तिचा नवरा, डेन्मार्कचा जॉर्ज, ऑक्टोबर १७०८ पर्यंत हयात होता आणि त्या दोघांचं चांगलं जमत होतं, हेही मला त्या संध्याकाळी गुरुजींकडूनच कळलं.

एकदा हात पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता चित्रपटातलं जे जे चमचमीत ते खोटं, असं मी धरून चाललो. राणी आणि तिच्या मैत्रिणींमधले शरीरसंबंध म्हणजे आजच्या प्रेक्षकासाठी घातलेला मसाला, असं मी छातीठोकपणे लिहिलं. नंतर वाचनात आलं की ही कुजबूज त्याच काळातली आहे, आणि ती वाढवण्यात खुद्द साराचा हात होता. १७०८ मध्ये राणी आणि अबिगेल यांच्याबद्दल सूचक, चावट पोवाड्यासारखं एक कवन लंडनमध्ये फिरत होतं. सारानं त्याचा विषय थेट राणीकडे काढला, आणि लोक काय बोलतात ते बघा, असं सुनावलं. पुढे राणीची जुनी पत्रं छापण्याची धमकीही तिनं दिली. प्रत्यक्षात संबंध काय होते यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण आरोप हे हत्यार होतं, आणि ते दिग्दर्शकानं घडवलेलं नव्हतं. जे मी मसाला म्हणून बाजूला काढलं, तेच त्या दरबाराचं चलन होतं.

राजकारणाबद्दलची चूक सांगायला लाज वाटते, कारण ती निव्वळ आळसाची आहे. टोरी पुढारी हार्ली (निकोलस हॉल्ट) आणि राणीचा मंत्री गोडॉल्फिन जमिनीवरच्या करावरून भांडतात त्या प्रसंगांत मी फोन बघत होतो. हॉल्टचा विग गमतीदार, एवढंच लक्षात राहिलं. त्यामुळे 'दोन बायकांच्या भांडणात साम्राज्याचं धोरण फिरलं' असं वाक्य मी बेधडक लिहून गेलो. वास्तविक युद्धाचा खर्च मोठ्या प्रमाणात जमिनीवरच्या करातून निघत होता, तो भरणारे गावोगावचे जमीनदार टोरी पक्षाकडे झुकलेले, आणि युद्ध चालू ठेवण्याचा आग्रह विरोधी व्हिग पक्षाचा. साराचा नवरा त्या युद्धाचा सेनापती. १७०९ मध्ये मालप्लाकेच्या लढाईत त्यानं विजय मिळवला, पण मित्रसैन्याची वीस हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. १७१० च्या निवडणुकीत टोरींनी बाजी मारली. जानेवारी १७११ मध्ये साराकडून दरबारातली पदं काढून घेतली गेली ती या सगळ्यानंतर. अबिगेल नसती तरी सारा फार काळ टिकली असती असं मला आता वाटत नाही. हार्लीला राणीपर्यंत पोचायला एक मागचं दार हवं होतं, अबिगेलनं ते उघडं ठेवलं. तिचं श्रेय आणि तिचा दोष दोन्ही तेवढेच.

आणि इथे तो मथळा अडकतो. दरबारात काही बिघडलं की एक बाई शोधायची आणि तिच्या नावावर खापर फोडायचं, ही सवय आपल्याकडे मुरलेली आहे. आनंदीबाईनं 'ध' चा 'मा' केल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती सिद्ध झालेली नाही याची चौकशी करत नाही. मी एका न सिद्ध झालेल्या आरोपावरून दुसऱ्या बाईला, अबिगेलला, नाव ठेवलं. म्हणजे एका मथळ्यात दोघींवर अन्याय.

पण खरी चूक याहून मोठी होती, आणि ती उमगायला चित्रपट पुन्हा पाहावा लागला. मी सबंध वेळ खेळणाऱ्या दोघींकडे बघत होतो. अ‍ॅन मला फक्त बक्षीस वाटत होती: केक खाऊन ओकणारी, पोरांवर खेकसणारी, कुणीही फिरवावी अशी बाई. लेखात मी तिला 'बुजगावणं' म्हटलं होतं. या खेपेला मी फक्त कोलमनकडे बघायचं ठरवलं. संसदेत हार्ली सगळ्यांसमोर कर न वाढवल्याबद्दल राणीचे आभार मानून मोकळा होतो आणि ती कोसळते, तो प्रसंग मी आधी दुबळेपणा म्हणून पाहिला होता. या वेळी दिसलं की त्या कोसळण्यामुळे तिला कुठलीच घोषणा करावी लागत नाही. दोघी आपल्यासाठी झुंजतायत याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर लपत नाही. सारावर दरवाजा बंद होतो तो तिच्या हुकमानं. आणि शेवट, ज्याला मी 'दिग्दर्शकाला सुचला नाही' असं म्हटलं होतं! अबिगेल गंमत म्हणून सशावर पाय दाबते, ते कळल्यावर राणी तिला पाय चोळायला लावते आणि तिचे केस मुठीत धरून ठेवते. जिंकलेली बाई कुणाची आहे हे त्या मुठीत स्पष्ट सांगितलेलं आहे. मला ते सांगितलेलं ऐकू आलं नाही.

माझा हा गैरसमज मूळचा माझाही नव्हता. अ‍ॅन मंद होती, मैत्रिणींच्या ओंजळीनं पाणी पीत होती, ही प्रतिमा मोठ्या प्रमाणात सारानंच घडवली. १७४२ मध्ये तिनं आपल्या दरबारी कारकिर्दीची हकिगत छापली, तेव्हा राणीला जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. अबिगेलही १७३४ मध्ये वारली होती. पुढच्या पिढ्यांनी साराची साक्ष बरीचशी तशीच उचलली. विसाव्या शतकात एडवर्ड ग्रेग आणि अलीकडे अ‍ॅन सॉमरसेट यांच्या चरित्रांनी चित्र बदललं: मंत्रिमंडळाच्या बैठकींना नियमानं बसणारी, १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एकत्र होताना सिंहासनावर असलेली, मंत्री निवडताना स्वतःचं म्हणणं रेटणारी राणी. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक नाकारणारी ब्रिटनची शेवटची राज्यकर्ती तीच, १७०८ मध्ये. मी मात्र साराची बाजू ऐकून निकाल दिला होता, आणि ती साराची बाजू आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकच, कोलमनला. तेव्हा मी यावर हळहळलो होतो. आता वाटतं, निवड करणाऱ्यांनी माझ्यापेक्षा नीट पाहिलं होतं. तुम्ही पाहणार असाल तर जरूर पाहा, पण नजर अ‍ॅनवर ठेवा, कराच्या चर्चेत फोन काढू नका, आणि मावशीला सोबत नेऊ नका.