सारखं वाकणारं

धनुष्य मराठी माणसाच्या आयुष्यात लवकर येतं आणि लवकर जातं. पहिलं येतं ते ओल्या फांदीचं, सुतळी बांधलेलं. सकाळी टणक असतं, संध्याकाळी त्याचा दम गेलेला असतो. ओल्या लाकडातले तंतू दाबाखाली चेपले की पुन्हा उठत नाहीत, फांदीला कायमचा बाक बसतो. दुसरं येतं गोष्टीतून, भल्याभल्या राजांना न हललेलं शिवधनुष्य. या दोघांनी मिळून आपली एक समजूत करून दिली आहे की वाकतं ते खेळणं आणि वाकत नाही ते खरं. पुढे प्रौढ वयात कुणाला स्वतःच्या हातानं धनुष्य करावंसं वाटलं, तर हत्यारं गोळा करण्याआधी ही समजूत टाकावी लागते. धनुष्याची प्रत ते किती कडक आहे यावर ठरत नाही. वरची आणि खालची बाजू सारखी वाकते का, आणि सोडल्यावर तितकीच परत येते का, यावर ती ठरते.

हे पटलं की लाकडाची काळजी निम्मी मिटते. इंग्रजांच्या यू झाडाच्या कौतुकानं नवशिका दबून जातो. आपल्याकडे ते झाड नाही, म्हणजे आपल्याला धनुष्य नाही असं त्याला वाटतं. पण डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत मिळालेली, कित्येक हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्मची आहेत आणि ती रुंद, चपटी आहेत. त्यामागचं कारण साधं आहे. वाकताना पृष्ठभागावर किती ताण येतो ते मुख्यतः जाडीवर अवलंबून असतं. ताण कमी सोसणारं लाकूड पातळ ठेवावं आणि गेलेली ताकद रुंदीतून भरून काढावी. म्हणजे लाकूड हलकं असेल तर आकार बदलायचा, झाड शोधत देश पालथा घालायचा नाही.

अशी जुनी लाकडी धनुष्यं आपल्याकडे मातीत का शोधू नयेत, ते अहिल्यानगर जिल्ह्यातच पाहा. प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये काशाच्या मूर्ती निघाल्या. धातू हजारो वर्षं टिकला. लाकडी धनुष्य तिथं कुणी वापरलं असेल तरी ते माती आणि पावसाळ्यांनी कधीच खाल्लं असतं. त्यामुळे आपल्याकडचा पुरावा उत्खननापेक्षा हातांत शोधावा लागतो. भिल्लांचा तीरकमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बऱ्याचदा बांबूच्याच सालपट्टीची. सह्याद्रीच्या पानझडी जंगलातली धामण चिवट आणि लवचिक म्हणून दांड्यांना व कावडींना वापरली जाते, धनुष्यालाही ती चालते. पण याच जिल्ह्यात अकोल्याच्या बाजूला हरिश्चंद्रगड-कळसूबाईचं जंगल अभयारण्य आहे, तिथल्या झाडाला कोयता लावायचा नाही. नवशिक्यानं शेताच्या बांधावरचा कळक मालकाला विचारून घ्यावा. 2017 च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला आहे. बांबू म्हणजे गवत, लाकूड नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो बरोबर आहे, पण धनुष्याला त्याचं सोयरसुतक नाही. बांबूचे तंतू सालीजवळ सगळ्यात दाट असतात, म्हणून साल निशाणाकडे, ताणाच्या बाजूला ठेवायची आणि तासणी आतल्या बाजूनं करायची. पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश कमी, म्हणून कीडही कमी. तो सावलीतच वाळवावा. त्यासाठी नगरकडची कोरडी हवा घाटघरच्या ओल्या हवेपेक्षा कितीतरी बरी.

खरी परीक्षा तासताना असते. कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. रुंदी दहा टक्के घटवली तर ताकद दहा टक्के जाते, पण जाडी दहा टक्के घटवली तर सत्तावीस टक्के. म्हणून जाडीवर रंधा फिरवताना हात आखडता असावा, शेवटी शेवटी तर काचेच्या तुकड्यानं खरवडावं. थोडं खरवडून थोडं वाकवायचं आणि लांब उभं राहून बाक पाहायचा. जिथं जास्त वाकतंय तिथं हात लावायचा नाही, ताठ आहे तिथूनच काढायचं. आल्प्सच्या हिमात 1991 मध्ये सापडलेल्या ओत्झी या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या शवाजवळचं 1.82 मीटरचं धनुष्य अर्धवटच होतं आणि त्यावर तासणीच्या खुणा तशाच आहेत. त्यालाही तासताना घाई टाळावीच लागली असणार.

आता कुणी विचारेल, कप्प्यांची यांत्रिक धनुष्यं असताना हा खटाटोप कशाला? पल्ला आणि अचूकता हवी असेल त्यानं तीच घ्यावीत, वाद नाही. मात्र साधं धनुष्य निव्वळ संग्रहालयाची वस्तू आहे, हे मला मान्य नाही. भारतातल्या स्पर्धांत साध्या धनुष्यांचा 'इंडियन राउंड' हा प्रकार आहे. राजस्थानातल्या आदिवासी घरातला लिंबाराम तीन ऑलिंपिक खेळला, त्याची सुरुवात बांबूच्या धनुष्यावर झाली होती. शिकारीचा आक्षेप मात्र रास्त आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो विषय संपवला आहे, नेम गवताच्या पेंढीवर धरावा आणि पेंढीमागे उंच मातीचा बांध असावा.

आणखी एक गोष्ट विकतच्या धनुष्याबरोबर येत नाही. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही, म्हणून स्वतः केलेलं धनुष्य मालकाच्या वयाबरोबर एकाच दिशेनं बदलतं. तिशीत अठरा किलोचा ओढा असलेलं, मध्यावर सोळा मिलिमीटर जाडीचं धनुष्य साठीत खांद्याला जड झालं, तर सगळीकडून त्याच प्रमाणात खरवडत ती जाडी चौदावर आणावी. ओढा बाराच्या आसपास येतो.