मान टाकलेली पाने

रोग दोन आणि लक्षण एकच असले, म्हणजे वैद्याची खरी परीक्षा होते. दिवाणखान्यातील उथळ कुंडीत मी दहा वर्षे एक वामनवृक्ष जोपासला आहे. वीतभर उंचीचा वड! गेल्या पावसाळ्यात त्याची पाने मलूल होऊन लोंबू लागली, तेव्हा घरातील साऱ्यांचे निदान एकच ठरले : तहान. आईने तर झारी उचललीही. परंतु माती सतत चिंब राहिली, की मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात, आणि भोवती पाणी असूनही झाड तहानेनेच कोमेजते. म्हणून मी आधी एक कोरडी काडी मातीत खोल खोचली. दहा मिनिटांनी काढून पाहतो तो टोकापर्यंत ओली! पाणी थांबवले, कुंडीखालची तुंबलेली बशी काढली, झाड खिडकीपाशी उजेडात नेले. महिन्याभराने पालवी फुटली.

१९४५ साली हिरोशिमातील अणुबाँबमधून वाचलेला आणि १९७६ मध्ये जपानने अमेरिकेस भेट दिलेला एक पाइन वृक्ष १६२५ पासून कुंडीत वाढतो आहे. त्याची निगा राखणाऱ्या पिढ्यांना झारी केव्हा उचलावी हे जसे ठाऊक असले पाहिजे, तसेच ती केव्हा खाली ठेवावी हेही. मायेला हे दुसरे ज्ञान सहसा उशिराच येते.