दिल्ली : कुतुबापासून खारी बावलीपर्यंत

राजधानी पाहून आलेल्या विद्यार्थ्यांना काय पाहिले असे विचारले, की उत्तरे ठरलेली असतात : लाल किल्ला, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन. ती चुकीची नसतात. परंतु दिल्ली हे केवळ राज्यकर्त्यांचे आणि सेनापतींचे नगर आहे, आपल्यासारख्या तागडी-वहीच्या माणसांचा तिथे काही संबंध नाही, असा समज मात्र त्यांतून पक्का होतो. गेल्या डिसेंबरात सांगलीच्या एका वाणिज्य महाविद्यालयाच्या द्वितीय वर्षातील अडतीस विद्यार्थ्यांसमवेत पाच दिवस दिल्लीत राहण्याचा योग आला. माजी विद्यार्थी या नात्याने प्राध्यापकांनी मला सोबत घेतले आणि बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला शोभेल असे काम दिले. सहलीचा जमाखर्च माझ्याकडे होता.

गोवा एक्सप्रेसने दोन रात्री प्रवासात गेल्या. मधल्या दिवशी भुसावळच्या अलीकडे प्राध्यापकांनी सहज विचारले, पदवीनंतर घरच्या गादीवर कोण कोण बसणार? अडतिसांपैकी निम्म्याहून अधिक मुले व्यापारी घरांतली होती. हात वर झाले चार. बाकीच्यांना पुणे हवे होते, बंगळूर हवे होते, 'पॅकेज' हवे होते. त्यात वावगे काही नाही. मी स्वतः व्यापारी घरातून नोकरीतच गेलो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत्याची एकुलती एक मुलगी खिडकीशी बसली होती. तिने हात वर केला नाही, आणि नाही असेही म्हटले नाही. तो प्रश्न आपल्याला विचारलेलाच नाही, अशा शांतपणे ती बाहेर पाहत राहिली.

दिल्लीत डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणारी अकरा मुले होती. त्यामुळे दुपारचे फिरणे आवरते घेऊन पाचच्या आत धर्मशाळेच्या भोजनगृहात पोहोचणे हा रोजचा नेम झाला. इतर मुलांनी प्रथम कुरकुर केली, तिसऱ्या दिवसापासून तीही त्याच पंगतीला बसू लागली. थंडीत लवकर जेवून रजईत शिरण्याचे सुख त्यांना कळले असावे.

पहिला दिवस मेहरौलीचा. कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच. त्याखाली उभे राहून छायाचित्रे काढण्यात अर्धा तास गेला. पण या परिसराची खरी कथा मिनाराखाली नाही, शेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या ओवऱ्यांत आहे. तिथले खांब नीट पाहिले, तर साखळीला टांगलेल्या घंटा दिसतात, कळस दिसतात, काही ठिकाणी ध्यानस्थ आकृती दिसतात. सत्तावीस देवळांचे सामान येथे वापरले, असे पूर्वेकडील दारावरचा फारसी लेखच सांगतो. त्यांत हिंदू मंदिरे होती, तशी जैनही होती.

एका विद्यार्थ्याचा चेहरा लाल झाला. "काका, आणि हे आपण तिकीट काढून बघायचं?" असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. घडले ते झाकून ठेवावे, असे मला वाटत नाही. दगडावर कोरलेले झाकताही येत नाही. परंतु केवळ राग घेऊन मुले परतली, तर त्यांनी निम्मीच दिल्ली पाहिली असे होईल. म्हणून तिथेच, त्या खांबांच्या सावलीत, त्यांना नट्टल साहूविषयी सांगितले. तोमर राजा अनंगपालाची नगरी येथेच, लालकोटात होती. इ.स. ११३२ मध्ये विबुध श्रीधर या कवीने 'पासणाहचरिउ' हे पार्श्वनाथांचे चरित्र अपभ्रंश भाषेत येथे रचले आणि त्यात या 'ढिल्ली' नगरीचे वर्णन केले. दिल्लीची जी सर्वांत जुनी वर्णने आज उपलब्ध आहेत, त्यांत याची गणना होते. आणि हा ग्रंथ लिहवून घेणारा कोण होता? राजा नव्हे, मंत्री नव्हे. नट्टल हा दूरदेशांशी व्यवहार असलेला व्यापारी होता.

पुढची गोष्ट मला अधिक आवडते. राजवट बदलली, तरी हिशेबाची गरज संपली नाही. खिलजी सुलतानांच्या काळात दिल्लीच्या खजिन्यात आणि टांकसाळीत ठक्कुर फेरू नावाचा श्रीमाळ जैन अधिकारी होता. त्याने १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. ठिकठिकाणच्या राज्यांची नाणी टांकसाळीत येत. कोणत्या नाण्यात चांदी किती, तांबे किती, त्याचे वजन काय आणि त्यावरून मूल्य काय धरावे, हे त्याने नाण्यामागून नाणे घेऊन नोंदवले. स्वतःच्या भावासाठी आणि मुलासाठी लिहिलेले हे पुस्तक आहे, म्हणजे एका अर्थाने घरच्या माणसांना धंदा शिकवणारी वही. परकीय चलनाच्या विभागात मी काही वर्षे काढली. दरपत्रक तयार करणे हे काय काम असते, ते मला ठाऊक आहे. नाण्याचा कस लावताना नाणे कोणत्या राजाचे, हिंदू की मुसलमान, हे फेरूला केवळ ओळखीपुरते लागत होते. रागावलेला तो मुलगा हे ऐकून लगेच निवळला असे नाही. पण त्याने 'फेरू'चे नाव वहीत लिहून घेतले.

कर्तव्यपथ, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक, तीन मूर्तीचे प्रधानमंत्री संग्रहालय हे सारे दुसऱ्या दिवशी झाले. ही स्थळे सर्वांना परिचित आहेत. बस तालकटोऱ्यावरून गेली तेव्हा १७३७ मध्ये बाजीरावाची छावणी याच बाजूला पडली होती, हे सांगितल्यावर बसमध्ये घोषणा झाल्या, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा गाणी सुरू झाली.

संसद मार्गावरील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोर मात्र मी आग्रहाने सर्वांना खाली उतरवले. प्रवेशद्वाराच्या दोन बाजूंना शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी घडवलेले भव्य यक्ष आणि यक्षिणी उभे आहेत. यक्ष हा कुबेराचा सेवक, धनाचा राखणदार. या यक्षाच्या एका हाती पैशांची थैली आहे आणि दुसऱ्या हाती यंत्राचे दातेरी चक्र. यक्षिणी शेतीच्या समृद्धीची. प्राचीन मूर्तींचे नमुने समोर ठेवून बैजांनी त्या घडवल्या, दगड हिमाचलातून आणला, आणि काम वर्षानुवर्षे लांबत गेले. यक्षिणीच्या अपुऱ्या वस्त्रांवरून राज्यसभेत प्रश्नही विचारला गेला. (अंदाजपत्रक आणि मुदत या दोन्हींबाबत बँक आपल्या कर्जदारांशी इतकी उदार राहिल्याचे मी कधी पाहिले नाही.) आमच्यातील एक मुलगी म्हणाली, "पार्श्वनाथांजवळ धरणेंद्र-पद्मावती असतात, तसेच हे." तसेच, संकल्पना एकाच मातीतली आहे.

तिसरा दिवस चांदनी चौकाचा. लाल किल्ल्यासमोर जैन लाल मंदिर आहे. शहाजहानच्या काळापासून या जागी मंदिर असल्याचे सांगतात. छावणीला 'उर्दू' म्हणत, आणि छावणीजवळचे म्हणून याचे जुने नाव उर्दू मंदिर. त्याच आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेली कबुतरे, पंख्याला धडकलेले पोपट पिंजऱ्यांत रांगेने बसलेले असतात. घारीसारख्या मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार होतात, परंतु त्यांना इतर पक्ष्यांसोबत दाखल करून घेतले जात नाही. इतका व्यवहार धर्मादायातही पाळावा लागतो.

तिथून पश्चिमेकडे चालत निघालो. जहाँआरा या शहजादीने हा चौक वसवला. त्याच्या मधोमध कालवा होता, आता दगडी फरशी आहे आणि दिवसा मोटारींना बंदी असल्याने पायी जाणे सुसह्य झाले आहे. उजव्या हाताच्या गर्दीत भगीरथ पॅलेस हा विजेच्या सामानाचा बाजार लागतो. ती मूळची बेगम समरूची हवेली. १८४७ मध्ये ती दिल्ली बँकेने घेतली आणि १८५७ च्या उठावात या बँकेवर हल्ला होऊन तिचे व्यवस्थापक बेरेसफोर्ड कुटुंबासह मारले गेले. शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ही वास्तू जरा वेगळ्या नजरेने पाहावी लागते. मुले तोवर दरीब्याच्या जिलेबीकडे वळली होती.

फतेहपुरी मशिदीला वळसा घातला की खारी बावली. नाव पडले ते खाऱ्या पाण्याच्या पायऱ्यांच्या विहिरीवरून; विहीर आज दिसत नाही, उरला आहे तो मसाल्यांचा घाऊक बाजार. पहिल्या पन्नास पावलांत सगळ्यांना शिंका सुरू झाल्या. मिरच्यांचा खकाणा हवेतच असतो. डोक्यावर पोती घेतलेले पल्लेदार वाट मागत सुसाट येतात. बाजूला न सरल्यास धक्का खावा लागतो. इंडिया गेटवर शिस्तीत उभी राहिलेली आमची मुले येथे एकदम मोकळी झाली. हा वास, ही घाई, हे बोटांनी नमुना चोळून पाहणे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते.

एका जुन्या पेढीसमोर हळकुंडांची पोती उघडी होती. खिडकीशी बसलेली ती मुलगी पुढे झाली. तिने एक हळकुंड उचलले, कडकन मोडले, आतला रंग उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "राजापुरी आहे. आमच्याकडची." पेढीवरचे वृद्ध शेठजी चष्म्यावरून पाहू लागले. माल सांगलीचाच होता. मग हिंदीत त्यांचे जे संभाषण झाले, त्यात आम्हा प्राध्यापक-अधिकाऱ्यांना स्थान नव्हते. हरिपूरची जमिनीतली पेवे शेठजींनी तरुणपणी पाहिली होती. २००५ च्या महापुरात बरीचशी निकामी झाली, आता माल शीतगृहात राहतो, हे तिने सांगितले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने दिल्लीच्या गिऱ्हाइकाला फरक पडतो का, असे तिने विचारले. नावाने भाव चढत नाही, पण नकली माल परत करताना नाव उपयोगी पडते, असे काहीसे उत्तर आले. वाहतुकीत घट किती धरता, भाडे कोण देते, पैसे किती दिवसांनी सुटतात, हेही तिने विचारले. हे प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नाहीत.

शेठजींनी सर्वांना चहा पाजला. त्यांचा मुलगा कॅनडात स्थायिक झाला आहे. गादी पुतण्या पाहतो. जाता जाता त्यांनी तिला विचारले, "बेटी, तू पेढीवर बसतेस का?"

ती म्हणाली, "अजून कुणी विचारलं नाही."

परतीच्या गाडीत मी जमाखर्च जुळवत बसलो होतो. माणशी एकशे बारा रुपये उरले, ते परत वाटायचे होते. समोरच्या बाकावर ती वहीत आकडे मांडत होती : दिल्लीचा भाव, त्यातून भाडे, हमाली, अडत, घट, आणि खाली सांगलीचा भाव. एका ठिकाणी व्याजाचे दिवस कसे धरायचे, ते तिने मला विचारून घेतले. मग तिने घरी फोन लावला. "अण्णा, खारी बावलीत आपला माल बघितला," अशी सुरुवात झाली आणि ती सारे आकडे वाचून दाखवू लागली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. डब्याच्या खडखडाटातही मला फोनमधला आवाज ऐकू आला. अण्णांनी इतकेच विचारले, की माल कोरडा होता का, आणि पोत्यावर शिक्का कोणत्या पेढीचा होता. तिने दोन्ही सांगितले.

"बरं, ती वही जपून आण," अण्णा म्हणाले. "सोमवारी सौद्याला माझ्याबरोबर ये."