पट्टा पडेपर्यंत थांबायचं कसं?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या पंचक्रोशीतून ऊसतोडीच्या गाड्या सांगली-कोल्हापूरकडे निघतात, काही थेट कर्नाटकात जातात. माझं म्हणणं एवढंच आहे, की सरकारी खर्चाने होणारा सुरक्षित गर्भपात या गाड्यांतून तोडीला जाणाऱ्या बाईला ती ज्या फडावर आहे तिथेच मिळाला पाहिजे. गर्भपाताचा 1971 चा कायदा रहिवासाचा दाखला मागत नाही, सज्ञान बाईला नवऱ्याची सहीही लागत नाही. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांवर भागतं, वीसपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे 2021 च्या दुरुस्तीनुसार ठरावीक कारणांसाठीच, दोन डॉक्टरांच्या मताने, चोवीसपर्यंत मुभा आहे. दिवाळीत दिवस गेलेली बाई पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबली, तर वीस आठवडे सहज उलटतात. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा, उचल डोक्यावर, खाडा पडला की पैसे कापले जातात. गावी येऊन जाणं तिच्या हातात नसतं.

यावर पहिला आक्षेप आमच्याच जिल्ह्याचा. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या; दार सैल केलं तर मुलीच मारल्या जातील, असं लोक म्हणतात. ही भीती खरी आहे, मीही ती बाळगते. पण सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण तीन महिने जावे लागतात. लवकर मिळणाऱ्या सेवेत निवडीला वावच नसतो. उशीर झाला की तो मिळतो, आणि खरी गरज असलेल्या बाईकडेही संशयाने पाहिलं जातं. कडक पहारा हवा तो सोनोग्राफीच्या यंत्रावर, त्यासाठी गर्भलिंगनिदान रोखणारा 1994 चा कायदा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा: महाराष्ट्राच्या बाईचा खर्च कर्नाटकाने का सोसावा? इंग्लंडमध्ये हाच वाद उत्तर आयर्लंडच्या स्त्रियांवरून झाला. जून 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी मोफत सेवेची मागणी फेटाळली, तरी त्याच महिन्यात सरकारने खर्च उचलायचं जाहीर केलं. तिथे हद्दीच्या दोन बाजूंना कायदे वेगळे होते. आपल्याकडे बेळगावला आणि बीडला कायदा एकच, राष्ट्रीय आरोग्य अभियानात दोन्ही राज्यांना केंद्राचा वाटाही साठ टक्केच. शिवाय या बाईने तोडलेल्या उसाची साखर कर्नाटकातच तयार होते. उरलेला हिशेब महाराष्ट्राच्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने कर्नाटकाच्या आरोग्य खात्याशी करार करून मिटवावा. त्यात कारखान्यांजवळच्या सरकारी दवाखान्यांची नावं असावीत, आणि गाड्या निघण्याआधी ती प्रत्येक टोळीतल्या बायकांना सांगितलेली असावीत.